पुढचे चार

मी लग्नं लावते. परवाना सरकारने दिलेला, आवाज देवाने दिलेला. गेल्या एकोणीस वर्षांत समुद्रकिनाऱ्यावर, द्राक्षमळ्यात, एकदा तर फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात, अशी सातशेच्या वर जोडप्यांची मी लग्नं लावली. त्यांतली किती टिकली ते विचारायला मी जात नाही. पण टेगनच्या लग्नाचा विषय निघाला की माझी जीभ जड होते, कारण त्या दिवशी जे झालं त्यात माझाही हात होता. हेतू चांगला होता, म्हणून तर चुटपूट जास्त लागते.

टेगनचा बाप नेव्हिल टिकनर माझा शेजारी. सव्वीस वर्षं आमच्या दोघांमध्ये एकच कुंपण आहे. त्याच्या आंब्याची पानं आणि त्याची मतं, दोन्ही त्या कुंपणावरून माझ्या अंगणात पडतात. आंबे मात्र नेमके त्याच्या बाजूला पडतात.

नेव्हिल प्रोग्रामर. रेल्वेच्या सिग्नलांचे प्रोग्राम लिहिण्यात त्याची उभी हयात गेली, आणि तेही एडा नावाच्या भाषेत. ही भाषा म्हणे इतकी कडक, की तिला नुसतं ‘पाच’ सांगितलं तर ती कामच सुरू करत नाही. पाच काय? मीटर की मिनिटं? ते आधी सांगा, मग पुढचं बोलू.

“भाषा अशी असावी लागते, ग्लेनिस,” तो म्हणायचा. “ती अंदाज करत नाही. अंदाज केला की गाड्या एकमेकींवर आदळतात.”

आणि जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेचं नाव काढलं की त्याचे कान लाल व्हायचे. “एक आणि एक मिळव म्हणून सांग तिला. कधी दोन म्हणेल, कधी अकरा म्हणेल. आणि वर तोंड करून विचारणार नाही की बाबा रे, तुला हवंय काय? स्वतःच्या मनाने ठरवून मोकळी!”

मला यातलं ओ की ठो कळत नाही. मी आपली कपडे वाळत घालता घालता ‘हो का’ म्हणायचे. माझ्या ‘हो का’वर त्याने जवळजवळ पंचवीस उन्हाळे काढले.

त्याचा एक ब्लॉगही होता, ‘टिकनरचं म्हणणं’. दर मंगळवारी नवं म्हणणं. भाषांवर तर असायचंच, शिवाय सरकारच्या पाणबुड्या, घरांच्या किमती, पोरांचे फोन, आणि अलीकडे ती स्वतःच कोड लिहून देणारी बोलघेवडी यंत्रं. त्यांना तो ‘साऱ्या जगाच्या चुका पाठ केलेला पोपट’ म्हणायचा. जगभरात तीन हजार माणसं ते वाचत होती. आमच्या गल्लीत कोणी वाचत नव्हतं, कारण गल्लीला ते रविवारीच तोंडी मिळालेलं असायचं.

पण त्याचं सगळ्यांत लाडकं मत होतं घड्याळाबद्दल.

आमचं गाव म्हणजे एका रस्त्याने कापलेली दोन गावं. अलीकडे आमचं ट्वीड हेड्स, न्यू साउथ वेल्समधलं. पलीकडे कूलांगाटा, ते क्वीन्सलँडमध्ये. उन्हाळा लागला की आम्ही घड्याळं एक तास पुढे करतो, पलीकडचे करत नाहीत. त्यामुळे ऑक्टोबर ते एप्रिल रस्ता ओलांडला की एक तास बदलतो. आमचे चार, तेव्हा त्यांचे तीन. बाहेरच्यांना याचं हसू येतं, आम्हाला सवय आहे. कोणी म्हटलं ‘चारला ये’, की शेंबडं पोरसुद्धा विचारतं, “पुढचे की मागचे?” पुढचे म्हणजे आमचे, मागचे म्हणजे त्यांचे. दातांचा डॉक्टर विचारतो, मासळीवाली विचारते. एकदा एका मयताला जायचं होतं तेव्हा मीही विचारलं. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

नेव्हिलला वाटायचा. तो राहायचा आमच्या बाजूला, पण त्याच्या घरातलं एकही घड्याळ त्याने कधी पुढे केलं नाही. “सूर्य हलला का? नाही ना? मग मी का हलू?” बारा महिने त्याच्या मनगटावर मागचीच वेळ. आणि तो ‘पुढचे की मागचे’ हा प्रश्न तर जीव गेला तरी त्याने विचारला नसता. “ज्या वाक्यावर प्रश्न विचारावा लागतो ते वाक्यच चुकलेलं आहे,” तो म्हणायचा. “प्रश्न कशाला विचारायचा? वाक्य दुरुस्त करा.”

त्याची बायको हेदर होती तोवर ती हे सगळं गुपचूप सांभाळायची. आलेलं प्रत्येक आमंत्रण ती त्याच्या घड्याळात बसवून फ्रिजवर लावायची आणि त्याला तेवढंच दिसायचं. जग आपल्या वेळेने चालतंय अशी त्याची खरोखर समजूत झाली होती. नऊ वर्षांपूर्वी हेदर गेली. त्यानंतर दर उन्हाळ्यात तो सगळीकडे एक तास उशिरा पोहोचायला लागला आणि लोकांना वेळेचं भान नाही म्हणून ब्लॉगवर लिहायला लागला.

आता टेगनचं. एकुलती एक लेक. बापासारखीच हट्टी आणि बापासारखीच प्रोग्रामर, फक्त तिने भाषा उचलली नेमकी जावास्क्रिप्ट. मला तर वाटतं, मुद्दामच. शिकून ती न्यूकॅसलला नोकरीला लागली आणि पहिल्या वर्षी तिने एका दवाखान्यासाठी नंबर लावायचं काहीतरी बनवलं. नाताळात घरी आली तेव्हा मोठ्या कौतुकाने बापाला दाखवलं. मी तिथेच होते, पावलोव्हा केक कापत होते. नेव्हिल काही बोलला नाही. नुसता मान हलवत बघत राहिला. टेगनला वाटलं, आवडलं.

मंगळवारी ब्लॉगवर तिच्या कोडमधल्या चौदा ओळी आल्या. मथळा होता, ‘अंदाजपंचे’. नाव दिलं नव्हतं, म्हणजे त्याच्या मते सभ्यता पाळली होती. ओळीओळीखाली लाल शाईत चुका. त्याच्या खाली तीनशे लोकांच्या प्रतिक्रिया, एकाहून एक खोचक. आणि त्यांतला एक टेगनच्याच ऑफिसात बसायचा.

ती तडक निघून गेली. मी नेव्हिलला म्हटलं, “अरे, पोटची पोर आहे ती. चारचौघांत तिची अब्रू काढलीस?”

“मी तिची नाही, कोडची काढली,” तो म्हणाला. “आणि सांग, त्यातली एक तरी चूक खोटी होती का?”

खोटी नव्हती, तीच तर पंचाईत. नेव्हिलच्या चुका काढण्यात कधी चूक नसायची.

चार वर्षं बापलेकीत अक्षर बोलणं झालं नाही. मग गेल्या ऑक्टोबरात टेगनचा मला फोन आला.

“ग्लेन, मी लग्न करतेय. रोवनशी. त्याचे आईबाबा तुमच्याकडचेच, ट्वीडचे. रेनबो बेवर करायचं, पलीकडच्या वाळूवर, फेब्रुवारीत. तूच लावायचंस.”

“लावीन की गं! आणि डॅड?”

ती म्हणाली, “मला वाटतं त्याने माझा हात धरून मला वाळूवरून न्यावं. आई असती तर तिने आणलाच असता त्याला. पण ग्लेन, एक अट आहे. लग्न लागेपर्यंत त्याने एकही मत द्यायचं नाही. कशावरच नाही. ब्लॉगवर नाही, फोनवर नाही, माझी चूक तर अजिबात काढायची नाही. एक शब्द जरी आला ना, मी एकटी चालत जाईन. मला पुन्हा ते सहन नाही होणार. लग्न झालं की बोलू आम्ही.”

मी कुंपणाशी गेले आणि नेव्हिलला सांगितलं. मला वाटलं, फणकारेल. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला.

“तिने स्वतःहून बोलावलं?”

“हो.”

“हात धरून?”

“हो रे बाबा. पण तोंड बंद. जमेल?”

“ग्लेनिस, मी रेल्वेत तीस वर्षं गुप्ततेच्या करारावर काढली.”

“ते करार मोडायला तिथे कुंपण नव्हतं,” मी म्हटलं.

पण पठ्ठ्याने पाळलं. त्या मंगळवारी ब्लॉगवर दोनच वाक्यं होती, ‘हा ब्लॉग फेब्रुवारीपर्यंत बंद आहे. कारण विचारू नये.’ त्यावर दोनशे लोकांनी कारण विचारलं. त्याने उत्तर दिलं नाही.

चार महिने मी त्या माणसाला रोज गिळताना पाहिलं. कौन्सिलने आमच्या कोपऱ्यावर, बरोबर हद्दीवर, पार्किंगचं नवं यंत्र बसवलं आणि ते सकाळी एक वेळ दाखवायचं, दुपारी दुसरी. नेव्हिल त्याच्यापुढे मुठी आवळून पाच मिनिटं उभा राहिला आणि घरी येऊन आंब्याला पाणी घालायला लागला. भर पावसात. पाणबुड्यांची किंमत पुन्हा वाढली त्या दिवशी त्याने अख्खं कुंपण रंगवलं, माझी बाजूसुद्धा. मी मनात म्हटलं, लेकीने हे वीस वर्षांपूर्वी करायला हवं होतं.

जानेवारीत लग्नाची कार्डं आली. सिडनीला छापलेली, झकास. तारीख, रेनबो बे, चार वाजता. कुठले चार ते छापलं नव्हतं. सिडनीवाल्याला काय कळणार? पण आमच्याकडे कोणाचं काही अडलं नाही. ज्याच्या हातात कार्ड पडलं त्याने रोवनच्या आईला फोन करून विचारलं, “पुढचे की मागचे?” ती म्हणाली, “पुढचे. जेवण आपल्या बाजूच्या क्लबात आहे ना, त्यांचं घड्याळ पुढचं.” विषय संपला.

त्याच आठवड्यात एकदा मी दोरीवरचे कपडे काढत होते तर नेव्हिल कुंपणाशी आला. हातात पाकीट. चेहऱ्यावर असं हसू, की मांजराने दुधात तोंड घातलंय आणि घरात कोणी नाही.

“टेगनने मला वेगळं कार्ड पाठवलंय,” तो म्हणाला. “स्वतःच्या हाताने लिहिलंय त्यावर.”

“अरे वा!”

“त्यात एक चूक आहे, ग्लेनिस.”

माझ्या हातातली चादर खाली पडली. “नेव्हिल! एक शब्द नाही!”

“नाही नाही, मी तिला काही बोलणार नाही. फक्त तुला म्हणून सांगतो, गमतीची आहे, अगदी तिच्या त्या भाषेला शोभणारी—”

“मलाही नको सांगूस!” मी दोन्ही कानांवर हात ठेवले, खरोखर ठेवले. “आज मला सांगशील, उद्या कागदावर लिहिशील, परवा अख्ख्या जगाला कळेल. तीन महिने कळ काढलीस, आता तीन आठवडे राहिलेत. काय असेल ते पोटात ठेव.”

तो कार्ड हळूच पाकिटात सरकवत म्हणाला, “बरं. मी माझ्यापुरती दुरुस्त करून घेतो. तिला कळणारही नाही.”

“शाबास,” मी म्हटलं.

हे ‘शाबास’ मी आजही विसरलेले नाही. तेव्हा मला वाटलं होतं, अक्षराचा आकार असेल, नाहीतर स्वल्पविराम. त्या माणसाला लोकांच्या मयताच्या पत्रातही स्वल्पविराम दिसायचे.

लग्नाचा शनिवार उजाडला. कडक ऊन, वारा बरा. रेनबो बेवर पांढरं कापड लावलेली कमान, साठ खुर्च्या, रोवनकडची मंडळी वेळेवर. पावणेचारला टेगन आली. आईचे मोत्याचे डूल घातले होते. मी हातातल्या कागदांकडे पाहिलं; धंद्याचा नियम आहे, लग्न लावणारीने आधी रडायचं नाही.

“डॅड?” तिने विचारलं.

“येईलच.”

चार झाले. सव्वाचार झाले. नेव्हिलचा पत्ता नाही. फोन लावला तर बंद. तो म्हणायचाच, इथे किनाऱ्यावर फोन दोन्ही राज्यांचे टॉवर पकडतो आणि दर दहा मिनिटांनी वेळ बदलतो, असल्या वस्तूवर भरवसा ठेवायचा नाही. रोवनचा भाऊ गाडी काढून घरी जाऊन आला. घराला कुलूप, गाडी दारात. म्हणजे पायी निघाला. पण कुठे?

लोक टोपीने वारा घेत कुजबुजायला लागले. रोवनच्या काकाने पुढे होऊन म्हटलं, “पोरी, मी नेऊ का तुला?” ती म्हणाली, “नको.” इतकंच म्हणाली, पण तो बिचारा दोन पावलं मागे सरला.

“ग्लेन, खरं सांग,” ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली. “तो रागावलाय का माझ्यावर? अट घातली म्हणून?”

“नाही गं. उलट कुंपण रंगवलंय त्याने.”

“मी त्याला वेळ त्याच्या घड्याळाने लिहून दिली होती,” ती म्हणाली. “आई द्यायची तशी. छापलेले चार खोडले आणि वर हाताने लिहिलं, ‘तीन, तुझ्या वेळेने, डॅड.’ म्हटलं, आज तरी त्याला हलायला लावायचं नाही. याहून स्पष्ट काय लिहायचं?”

ते ऐकलं आणि मला कुंपणाशी पाहिलेलं ते पाकीट आठवलं. त्यात एक चूक आहे, ग्लेनिस. मी माझ्यापुरती दुरुस्त करून घेतो.

मी तिला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का? आजवर मला ठरवता आलेलं नाही. माझं पुढचं लग्न सहाला किंग्जक्लिफला होतं. नेव्हिल कधी येईल याचा मला आता अंदाज होता, पण नुसता अंदाजच. मी म्हटलं, “अजून थोडं थांबू.” पण वीस मिनिटांनी टेगनच म्हणाली, “नको. साठ माणसं उन्हात आहेत. एवढं त्याच्यासाठी नको.” ती एकटी चालत आली. डावा हात सरळ खाली सोडलेला, बोटं मिटलेली. मी लग्न लावलं. माझा आवाज दोनदा फाटला, लोकांना वाटलं वारा आहे.

पाचला दहा मिनिटं कमी असताना सगळं आटोपलं. मंडळी क्लबाकडे निघाली. टेगन आणि रोवन खडकांकडे फोटो काढायला गेले. मी कागद पिशवीत भरत होते आणि दोघं कामगार खुर्च्या एकीवर एक रचत होते. इतक्यात ग्रीनमाउंटच्या टेकडीच्या पायऱ्यांवरून नेव्हिल उतरताना दिसला. करड्या रंगाचा सूट, हेदरच्या मयताला घातलेला, पण इस्त्री कडक. कोटाला फूल. चालत, घाई नाही, वेळेवर पोहोचणाऱ्या माणसासारखा. वरातीमागून घोडं म्हणतात ना, ते घोडं इतकं नटूनथटून आलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

“चारला दोन मिनिटं कमी,” मनगटावरचं घड्याळ दाखवत तो म्हणाला. “लोक कुठे आहेत? बघ, गावाला वेळेचं भान नाही ते नाहीच. जाऊ दे, आज मी काही बोलणार नाही. आणि या खुर्च्या का उचलतायत?”

“नेव्हिल, बस,” मी म्हटलं.

“आधीच्या लग्नाच्या असतील. आमच्या कुठे आहेत?”

“बस म्हणते ना!” माझा आवाज चढला. कामगाराने रचलेल्यांतली एक खुर्ची परत काढून दिली. “काय होतं कार्डात? आता सांग. काय चूक होती?”

त्याने खिशातून पाकीट काढलं. चार महिन्यांनी तोंड उघडायची परवानगी मिळाली, त्याचा चेहरा खुलला हो. “साधी गोष्ट आहे. छापलंय चार. लग्न कुठे? रेनबो बेवर. म्हणजे क्वीन्सलँडात. मग इथले चार म्हणजे मागचेच चार. माझं घड्याळही मागचंच. बदलायचं काही कारणच नाही. पण तिने काय केलं, मी वेगळ्या वेळेत राहतो एवढं डोक्यात ठेवून एक तास उगाच वजा केला. हिशोब न करता, अंदाजाने. तीच सवय. मी शांतपणे चारच धरले आणि एका शब्दाने तिला बोललो नाही. विचार तिला.”

“चार पुढचे होते, नेव्हिल. क्लबामुळे. सगळ्या गावाला माहीत होतं.”

“मला कोणी सांगितलं नाही.”

“तुलाच तर तिने लिहून दिलं होतं. बाकी सगळ्यांनी विचारलं.”

त्याने कार्डाकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. मग कमानीकडे. असा हुशार माणूस, पण त्याला तिथून पुढे जायला किती वेळ लागला ते मला बघवेना. तो ते परत परत मांडून बघत होता. कुठेतरी दुसरं उत्तर येईल म्हणून.

टेगन खडकांवरून येताना तिला तो दिसला. तिने बूट हातात घेतले आणि जवळजवळ पळत आली, आणि दहा पावलांवर येऊन थांबली. चार वर्षांनी समोरासमोर.

“कुठे होतास?” ती म्हणाली.

“टेकडीवर. त्या बाकावर. तासभर आधी येऊन बसलो होतो. भाषण पाठ करत होतो.” त्याने मागे टेकडीकडे बोट दाखवलं. “तिथून दिसत होतं सगळं. खाली कोणाचं तरी लग्न चाललेलं. लांबचा चष्मा घरी राहिला, फक्त वाचायचा आणला होता. लोक बराच वेळ नुसते उभे होते. मला वाटलं, कोणी तरी गाढव उशीर करतोय. मग एक मुलगी एकटीच चालत गेली. मी म्हटलं, बिचारीला बाप नसेल.”

मी तोंड फिरवलं. समुद्राकडे पाहण्यासारखं तेव्हा काही नव्हतं, पण पाहत राहिले.

“तुला वाटलं मी चुकले,” टेगन म्हणाली. कार्ड आता तिच्या हातात होतं.

“हो.”

“मग बोलला का नाहीस रे?” आणि तिचा आवाज फुटला. “जन्मभर माझ्या चुका काढल्यास. जगाला दाखवल्यास. आणि आज, आजच नेमका गप्प बसलास? काढायची होतीस ना चूक! एक फोन करायचास, म्हणायचंस, टेगन, तू मूर्ख आहेस, तीन नाहीत चार. मी ओरडले असते तुझ्यावर, पण तू आला असतास.”

नेव्हिलने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रार असती तर बरं झालं असतं. नव्हती. वचन पाळलं, याची पोचपावती मागत होता तो.

“अट मीच पोहोचवली होती,” मी म्हटलं. “आणि कानांवर हात मीच ठेवले होते.” कोणी माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

“बोल आता,” टेगन म्हणाली. डोळे पुसले तर काजळ सगळ्या गालाला लागलं. “लग्न झालं. अट संपली. काय चुकलंय माझं, सांग.”

नेव्हिलने वाचायचा चष्मा लावला. कार्ड तिच्या हातातून घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. ती चार शब्दांची ओळ त्याने किती वेळा वाचली देव जाणे. सवयीने त्याचं बोट ओळीखालून सरकत होतं, चूक शोधत.

“काही नाही,” तो म्हणाला. “बरोबर आहे. तू लिहिलं होतंस ते अगदी बरोबर आहे.”

सव्वीस वर्षांत हे शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. टेगननेही पहिल्यांदाच ऐकले असावेत, कारण ती वाळूत खाली बसली, पांढऱ्या झग्यासकट. तिची चूक तीन हजार माणसांनी वाचली होती. हे ऐकायला मी होते, आणि खुर्च्या उचलणारे ते दोघं, त्यांतल्याही एकाच्या कानात गाणी चालू होती.